घरी गिटारचा व्हिडिओ काढताय? मोबाइल बदलण्याआधी खोली बदला

नागपूर : गावात वाद्य म्हटलं की भजनी मंडळाची पेटी, तबला, टाळ अन् खंजिरी, हे पूर्वीचं झालं. आता काटोल, सावनेर, उमरेडकडच्या पोट्ट्यांच्या खोलीत गिटारही दिसते. दोन-चार गाणी बसली की यूट्यूबचा विचार येतो. मोबाइल उभा केला, वाजवलं, टाकलं. नंतर ऐकलं तर आवाज डब्यातून आल्यासारखा. मग घरच्यांकडे नव्या मोबाइलचा हट्ट सुरू होतो. खरं तर गडबड बहुतेक वेळा मोबाइलमध्ये नसते, खोलीत असते.

गिटारचा सूर टिनावर, उघड्या भिंतीवर, फरशीवर आदळून परत येतो. मोबाइलचा माईक मूळ सूर आणि हा परतीचा सूर दोन्ही पकडतो, म्हणून आवाज घुमतो. घरात वेचलेला कापूस भरून ठेवला असेल तर त्या खोलीत एकदा वाजवून पाहा, फरक लगेच कळेल. कापूस आवाज पिऊन टाकतो. स्टुडिओवाले भिंतीला फोम लावतात तो याच कामासाठी. कापूस विकून झाला असेल तर दोन जाड गोधड्या दोरीवर टाका, खाली सतरंजी अंथरा.

पंखा अन् कूलर बंद पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे ही शिक्षाच आहे, त्यामुळे सकाळी उजाडल्या उजाडल्या काम उरकलेलं बरं. त्या वेळी खिडकीचा उजेडही चांगला मिळतो. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर चांगलं वाजत असताना नेमका कोणाचा तरी फोन येतो.

मोबाइल गिटारपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. माईकचं तोंड गिटारच्या गोल भोकासमोर नको, तिथं आवाज जड आणि घुमका येतो. दांडा जिथं पेटीला भेटतो, त्या बाजूला धरा. खंजिरी किंवा ढोलकी असेल तर मोबाइल आणखी लांब न्या, नाहीतर आवाज फाटतो.

घरात दोन मोबाइल असतील तर फारच छान. एक जवळ ठेवून त्यात फक्त आवाज रेकॉर्ड करा, दुसऱ्यानं लांबून व्हिडिओ घ्या. दोन्ही चालू झाले की एक जोरात टाळी वाजवा. नंतर एडिटिंग ॲपमध्ये टाळीच्या खुणेवर टाळी जुळवली की आवाज आणि बोटं एकत्र येतात. सिनेमावाले पाटी आपटतात ते याचसाठी.

कॉलर माईक घेताना एक ध्यानात ठेवा. त्यातले बरेच बोलण्यासाठी बनवलेले असतात. त्यातलं नॉइज कॅन्सल चालू राहिलं तर गिटारचा लांबणारा सूर त्याला गोंगाट वाटतो आणि तो कापला जातो. ते बंद ठेवा. व्हिडिओत तारा सापासारख्या वळवळताना दिसल्या तर घाबरू नका. कॅमेरा चित्र एकदम न घेता ओळीओळीनं घेतो, त्यामुळे तसं दिसतं. मोबाइल बिघडलेला नसतो.

आता पैशाचं. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्यासोबत १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं पाहिजे किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज.

सिनेमाचं गाणं वाजवलं तर मात्र हा हिशेब बदलतो. गाण्याची चाल यंत्रणेनं ओळखली की क्लेम येतो. बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो, पण जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात. मागे मूळ ट्रॅक लावला तर हमखास पकडलं जातं. स्ट्राइक वेगळी आणि जास्त गंभीर. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या की चॅनल बंद होण्याची वेळ येते.

भजन वाजवलं म्हणजे मोकळं रान, असंही नाही. कायद्यानं रचनेचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. संत तुकारामांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे, पण त्याला अलीकडे कोणी दिलेली चाल आणि कंपनीचं रेकॉर्डिंग सर्वांचं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, म्हणजे या हिशेबानं त्यांच्या रचनांची मुदत २०२८ अखेरपर्यंत जाते. स्वतःची चाल बांधता येत असेल तर ती सगळ्यात सुरक्षित.

स्ट्राइकच्या भीतीचा फायदा घेणारेही आहेत. "तुमच्या चॅनलवर स्ट्राइक आहे, काढून देतो" म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज येतो आणि ओटीपी मागितला जातो. तो दिला की वर्षभराची मेहनत दुसऱ्याच्या हातात. खरी स्ट्राइक असेल तर ती यूट्यूब स्टुडिओ ॲपमध्ये दिसते, आधी तिथं बघा. जाहिरातीच्या योजनेत घ्यायला यूट्यूब फी घेत नाही, आणि विकत घेतलेले सबस्क्रायबर धरले जात नाहीत. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते.