सीएनसी राउटर घेताय? आधी हाताने हलवून बघा

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून लिहूनही ठेवतोय.

माझे मामा रिसोडला सुतारकाम करतात. दारं, देवघरं, दिवाण. कोरीव काम बाहेरून करून आणावं लागायचं, म्हणून त्यांनी साठवलेले पैसे आणि थोडी उसनवारी करून एक जुनं, छोटं सीएनसी राउटर घेतलं. पहिल्याच देवघरावर कडा लाटांसारख्या आल्या, आणि गोल असा की नवशिक्याची पोळी बरी. फोन आला, “काऊन रे बाबू, तू इंजिनेर हायेस ना? मग हे मशीन वाकडं कापते काऊन?”

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. तीन शनिवार-रविवार पुण्याहून रिसोडला गेलो. जी-कोड तपासला, सेटिंग बदलली, फर्मवेअर पुन्हा टाकलं. काही नाही. शेवटी मामांनी मशीन बंद असताना स्पिंडल हातात धरला, हलवला आणि म्हणाले, “अबे, हे तं हालते!”

दोष लिनिअर बेअरिंगमध्ये होता. कोडमध्ये काहीच चुकलं नव्हतं.

लिनिअर बेअरिंग म्हणजे काय? सायकलच्या चाकातलं बेअरिंग गोल फिरतं, हे सरळ रेषेत सरकतं. आत पोलादी गोळ्या असतात. त्या रुळावरून घरंगळतात आणि वळसा घेऊन पुन्हा सुरुवातीला येतात.

हॉबी मशीनमध्ये साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, फक्त दोन टोकांना धरलेला गोल रॉड. दुसरा, एसबीआर, म्हणजे गोल रॉडच पण खाली सलग ॲल्युमिनियमचा आधार. तिसरा, चौकोनी प्रोफाइल रेल. जपानच्या टीएचकेने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या एलएम गाईडची ही परंपरा. पहिल्या प्रकारात गोम अशी की रॉडची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनाखाली तो आठपट वाकतो. उलट जाडी ८ मिमीवरून १६ मिमी केली तर वाकणं सोळापट कमी होतं. म्हणून लांब मशीनला बारीक, बिनआधाराचा रॉड दिसला तर बेअरिंग कितीही चांगलं असो, पुढे चला.

आता तपासणी. मशीन बंद करा, प्लग काढा. स्पिंडल धरून रुळाच्या आडव्या दिशेने हलवा, मग वर-खाली. इथे टकटक जाणवली तर संशय बेअरिंगवर. रुळाच्याच दिशेने ढिलं वाटलं तर तो बहुधा स्क्रू आणि नटचा प्रश्न. विकणारे दोन्हीची गल्लत करतात, आपण करायची नाही.

हाताला कळत नसेल तर ०.०१ मिमी दाखवणारा डायल गेज चुंबकी स्टँडवर लावा. हलकं ढकला आणि सोडा. काटा परत शून्यावर आला तर मशीन लवतंय. ढकललं तिथेच राहिला तर ढिलेपणा आहे. आणि हा ढिलेपणा टोकाला वाढतो, बरं का. दोन बेअरिंगमध्ये ६० मिमी अंतर आणि कटरचं टोक १२० मिमी खाली असेल, तर वरचा ०.०५ मिमीचा फरक खाली ०.१ मिमी होतो.

मग स्क्रू सोडवून गाडा हाताने हळू, पूर्ण लांबीभर सरकवा. सगळीकडे खरखर असेल तर गोळ्या किंवा रूळ खराब, नाहीतर आत भुसा. एकाच जागी जड जात असेल तर एका रुळाचे बोल्ट थोडे सैल करून बघा. जडपणा गेला तर बेअरिंग निर्दोष आहे, रूळच समांतर बसवलेले नाहीत. हे दुरुस्त होतं.

रुळावरून नख फिरवा. गंज, ओरखडा, बारीक खड्डे लगेच कळतात. ब्लॉकच्या दोन्ही टोकांना रबरी सील आहे का बघा. लाकडाच्या भुशाशी गाठ आहे, सील नसेल तर ग्रीस आणि भुशाचा लगदा होतो. आणि ब्लॉक रुळावरून कधीही ओढून काढू नका, बऱ्याच ब्लॉकमधल्या गोळ्या जमिनीवर सांडतात.

शेवटचं, नावावर भुलू नका. रुळावर हायविन कोरलेलं असलं तरी माल नकली असू शकतो. रुळावरचा नंबर अधिकृत विक्रेत्याला दाखवून खात्री करा.

मामांनी ते मशीन विकलं. घ्यायला आलेल्या पोराला त्यांनी आधी स्वतःच स्पिंडल हलवून दाखवला आणि त्या हिशेबाने पैसे कमी घेतले. दुसरं मशीन बघायला गेलो तेव्हा विकणारा आधी स्क्रीन दाखवत होता. मामा म्हणाले, “ते मंग पाहू, पहिले मले हात लावू दे.”

तुम्हीही आधी हात लावा. भेटू पुढच्या भागात!