दोन घरांचें मूल

घटस्फोट ही आपल्या समाजांत आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. बडोदें संस्थानानें १९३१ सालीं हिंदूंकरितां त्याचा कायदा केला, मुंबई प्रांतानें १९४७ सालीं, आणि पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती वाट देशांतील बहुतेक हिंदूंस मोकळी झाली. पतिपत्नीचें नातें न्यायालयांत संपतें. मातापित्यांचें नातें मात्र तेथें संपत नाहीं. एवढी गोष्ट विसरल्यामुळें मुलांचे फार हाल होतात.

आमच्या परिचयाच्या एका घरीं मुलाची मुंज निघाली. आईबाप विभक्त होऊन दोन वर्षें झालीं होतीं. मुलगा आईजवळ होता. मुंज आपल्याच घरीं व्हावी असा आजोबांचा हट्ट, तर त्या घराची पायरी पुन्हां चढावयाची नाहीं असा आईचा निश्चय. परंतु मातृभोजनास आई हवी आणि गायत्रीचा उपदेश पित्यानें करावयाचा, वगळावें कोणास? अखेर तो आठ वर्षांचा मुलगाच म्हणाला, "माझी मुंज नकोच. म्हणजे कोणी भांडणार नाहीं." हे शब्द कानीं पडतांच पिता स्वतः आमंत्रण घेऊन आईकडे गेला. कार्य मंगल कार्यालयांत झालें. आई मुलासह जेवावयास बसली, पित्यानें मंत्र सांगितला, आणि सायंकाळीं दोघें आपापल्या घरीं गेलीं. पतिपत्नींचा समेट झाला नाहीं. मुलाचें मन मात्र निवळलें.

त्यानंतर उभयतांनीं जें लिहून ठरविलें तें अनुकरणीय आहे. शाळेच्या दिवसांत मुलानें आईकडे राहावें, शनिवार-रविवार पित्याकडे. दिवाळी आळीपाळीनें, मे महिन्याची सुटी निम्मी-निम्मी. शाळेचा खर्च कोणीं करावा आणि आजारपणांत निर्णय कसा घ्यावा, हेंहि त्यांत आलें. एक कलम मला विशेष मोलाचें वाटतें: एकमेकांस निरोप मुलाच्या तोंडीं पाठवावयाचा नाहीं.

कायद्याचा रोंखहि असाच आहे. १९५६ च्या अज्ञान-पालकत्वाच्या कायद्याप्रमाणें पांच वर्षांच्या आंतील मूल सामान्यतः आईजवळ असावें. तथापि मुलाचें हित हाच सर्वश्रेष्ठ विचार होय. १९५५ च्या कायद्यानुसार मुलांच्या ताब्याचा आदेश देतांना शक्य तेथें त्यांची इच्छा पाहावयाची असते, आणि तो आदेश पुढें बदलतांहि येतो. यास्तव असा करार न्यायालयाच्या आदेशांत नमूद करून घ्यावा, आणि मूल वाढेल तसा तो पुन्हां तपासावा. पांचव्या वर्षीं सोईची असलेली व्यवस्था पंधराव्या वर्षीं जाचक होते. विधि आयोगानेंहि २०१५ सालीं योग्य त्या प्रसंगीं संयुक्त ताबा देण्याची शिफारस केली आहे. मात्र जेथें मारहाण वा भय आहे, तेथें समान वांटणीचा आग्रह धरूं नये. मुलाची सुरक्षितता प्रथम.

शेवटीं एक विनंती वडीलधाऱ्यांस. नातू दुसऱ्या घरून परत आला कीं, "तिकडे काय काय झालें?" असें त्यास खोदून विचारूं नये. "जेवलास का, बाळ?" एवढें विचारावें. बाकीचें त्यास वाटेल तेव्हां तो आपण होऊन सांगेल.