फासेपारध्यांचे हरिणपाश

नाशिक जिल्ह्याच्या येवले तालुक्यात ममदापूरच्या माळरानावर काळविटांचे कळप आजही आढळतात. (लोकभाषेत ते हरिण; प्राणिशास्त्रदृष्ट्या कुरंग, कारण त्याची शिंगे गळत नाहीत.) दख्खनच्या अशा उघड्या माळांवर शिकाऱ्यास आडोसा मिळत नाही. फासेपारध्यांची साधने या अडचणीतूनच घडलेली दिसतात. लांब दोरीस ओळीने तातीचे फासे बांधून ती कळपाच्या नेहमीच्या वाटेवर खुंट्यांनी जखडीत. मग शिकविलेल्या बैलाच्या आडून पारधी कळपास हळूहळू तिकडे वळवी. चरत्या बैलास काळवीट बुजत नाही; मात्र घाई झाली की कळप उधळलाच. दुसरी रीत अधिक धूर्त होती. पाळीव नराच्या शिंगांस फासे बांधून त्यास कळपाकडे सोडीत. कळपातील नर झुंजावयास येई आणि शिंगांनिशी अडके. 'आइन-इ-अकबरी'तही या रीतीचे वर्णन आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार निषिद्ध ठरली, व ते योग्यच झाले. तथापि फाशांचे नमुने संग्रहालयात ठेवून भागणार नाही. फास कोठे मांडावा हे ज्या ज्ञानावर ठरे, ते कळपाच्या वाटांचे ज्ञान गणनेस व संरक्षणासही उपयोगी आहे. वृद्ध पारध्यांकडून ते अजून टिपून घेता येईल.