दहावीच्या बॅचची परदेशवारी

जुन्या मित्रांची परदेश सहल ठरवताना पहिली अडचण देशाची नसते, तारखेची असते. शिराळ्याला एका वर्गात शिकलेली मुले पन्नाशी-साठीला पोचेपर्यंत पांगलेली असतात. एक ऊस लावतो, एक शाळेतून निवृत्त झालेला, एक नवी मुंबईच्या बाजारात माथाडी, एक पुण्यात नोकरीला. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की तोड कधी येईल याचा नेम नसतो आणि शेतकरी मित्र घर सोडत नाही. नागपंचमीला तर मुंबईकरच गावाकडे येतात. त्या दिवसांत शिराळकराला बाहेर काढणे कोणालाही जमायचे नाही. एप्रिल-मे लग्नसराईत जातो, शिवाय सुट्ट्यांमुळे विमानाची भाडी चढलेली. गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस, पितृपक्ष मनावर न घेणाऱ्यांना, त्यातल्या त्यात बरे. युरोपात तेव्हा हवा चांगली असते, थायलंडला मात्र पाऊस.

पैशाचा विषय मैत्रीत सगळ्यांत उशिरा निघतो. तो पहिल्याच बैठकीत निघायला हवा. एका बाकावर बसलेल्यांची मिळकत आता सारखी राहिलेली नसते. ज्याचा खिसा सर्वांत लहान, त्याला झेपेल तो आकडा धरून सहल आखली तरच गट टिकतो. नाहीतर तो मित्र पैशाचे नाव न काढता गुडघेदुखीचे कारण सांगून गळतो. भिशी सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. तीच दरमहा भरायची, फक्त नंबर काढून वाटायची नाही. रक्कम दोघा-तिघांच्या संयुक्त खात्यात ठेवायची. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, तरी त्या भरवशावर आधीच तिकीट काढणे धाडसाचे. कंपनीमार्फत परदेशाचे पॅकेज घेतल्यास ऑक्टोबर २०२० पासून त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतला जातो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पण ती रक्कम आधी उभी करावी लागते.

कागदपत्रांत खरा वेळ जातो तो नावांवर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी. एकीकडे वडिलांचे नाव आहे, दुसरीकडे आडनावाचे स्पेलिंग वेगळे. सहचारिणींना न्यायचे असेल तर माहेरचे नाव आणि सासरचे नाव हा आणखी एक गुंता. ही दुरुस्ती पासपोर्टच्या अर्जाआधी उरकावी. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश थांबवला आहे. छत्तीस पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये, मुदत १० वर्षे; पोलीस पडताळणी स्थानिक ठाण्याकडून होते. ज्यांच्याकडे पासपोर्ट आधीपासून आहे त्यांनी मुदत पाहावी, कारण अनेक देश प्रवासाच्या वेळी ती किमान सहा महिने शिल्लक मागतात. दहावीला अडकलेल्या मित्राला 'ईसीआर' शेऱ्याची धास्ती वाटते, ती अनाठायी आहे. तो शेरा ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूटही आहे.

देश निवडताना पहिल्या खेपेला नेपाळ सर्वांत सोपा: भारतीयांना व्हिसा लागत नाही, विमानानेही मतदार ओळखपत्रावर जाता येते. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. युरोपचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. त्यासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर व्हावे लागते आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. विमा काढताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये. लपवलेल्या आजाराचा खर्च कंपनी नाकारू शकते. स्वतः आखायचे की केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी मंडळींना सरावलेल्या कंपनीबरोबर जायचे, हे गटात इंग्रजीत बोलू शकणारे आणि हिशेब ठेवणारे किती आहेत यावर ठरते.

शेवटी बॅग. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असेल तर तो दुबई किंवा सिंगापूरला नेऊ नये, तिथे खसखशीला बंदी आहे. सिंगापूरला खायची तंबाखूही चालत नाही, तेव्हा चंचीवाल्या मित्राला हे पेठ नाक्यावर गाडीत बसण्याआधीच सांगितलेले बरे.