घोडी परत आली, चाबूकस्वार गेले

‘दीड वर्षाचं शिंगरू, पळीव, शर्यतीला तयार.’ गेल्या महिन्यात मोबाईलवर आलेली ही जाहिरात वाचून डोकंच उठलं. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला वैध ठरवला. तेव्हापासून आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माळांवर घोडागाड्यांचाही धुरळा वाढलाय. घोडी परत आली, आनंद आहे. त्यांना शिकवणारे चाबूकस्वार मात्र परतले नाहीत.

शाहू महाराजांच्या सोनतळीवरच्या घोड्यांचं गुणगान इथे करत नाही. भाषणांतून ते भरपूर होतं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं, दरबारी पागेचे दिवस संपले. पुढची वर्षं टांग्यांची. त्यांच्या आठवणीने उमाळे येणाऱ्यांना स्टेशनबाहेरच्या घोड्यांच्या पाठीवरचे व्रण दिसले नसावेत.

माझा काळ १९८०चं दशक. रिक्षांनी टांग्यांना पार मागे रेटलं होतं. तरी गल्लीमागच्या तबेल्यात एक म्हातारे चाबूकस्वार टिकून होते. सगळे त्यांना मामा म्हणत. नवं शिंगरू आलं की कित्येक दिवस मामा नुसता खरारा करायचे. मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटाखाली हात जाऊ देईपर्यंत घाई नाही. मग खूर उचलून तळव्यावर बोटांनी टकटक करायचे, पुढे नालबंदाच्या हातोडीला दचकू नये म्हणून. पाठीवर आधी रिकामं पोतं, मग खोगीर. तंग रोज थोडा थोडा आवळायचा. लांब दोरीवर जितकं डावीकडून फिरवायचं, तितकंच उजवीकडून. एकदा मी दोरी ताणली तर म्हणाले, “त्ये भ्यालंय, आन् तू वडतोयस व्हय रं?”

त्याच तबेल्यातला एक गाडीवाला मामांना हसायचा. कुटल्याशिवाय घोडं शहाणं होत नाही, हे त्याचं शास्त्र. त्याचं घोडं पळायचं झकास. पण मागून भोंगा वाजला की गाडीसकट गटारात. मामांचं पंचकल्याणी शिंगरू आधी सावलीलाही बुजायचं. एका वळिवात छपराची ताडपत्री फडाफडा उडाली, तेव्हा ते थबकलं, एक कान मामांकडे वळवला आणि हुकमाची वाट बघत उभं राहिलं. मामा त्या दिवशी दुप्पट चंदी देऊन मोकळे झाले. शिंगराचा तो भरवसा, हीच त्या कामाची खरी कमाई. पैसे कधी फारसे मिळाले नाहीत.

घोड्याचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, कडेचे साडेचारला. पाठीचा कणा पक्का व्हायला त्याहून उशीर लागतो. मामांना कण्याचं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण ओठ बाजूला सारून खालच्या जबड्यात चार पक्के दात दिसेपर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षं, ते जनावर गाडीला जुंपू देत नसत. मालक कुरकुरायचा, दुसऱ्याकडे जायची धमकी द्यायचा. मामा ढिम्म.

आज मामांसारखा अडवणारा माणूस कुणाच्याच दारात नाही. बक्षिसाला मोटारसायकल लागली की दीड वर्षाचे पायही पळीव दिसू लागतात. तेव्हा संयोजकांनी प्रवेश फीची पावती फाडायच्या टेबलावर एक पशुवैद्य बसवावा. खाली चार पक्के दात नसतील तर नोंदणी नाही. गाडीमालक चिडतील. चिडू देत.