गोंड राजांच्या समाध्या व वस्तुसंग्रहालय : सहलीची पूर्वतयारी

चंद्रपूरला येणाऱ्या शालेय सहली बहुधा परकोट व महाकालीचे मंदिर पाहून परततात. अंचलेश्वर द्वाराजवळील, झरपट नदीकाठच्या गोंड राजांच्या समाध्यांसाठी वेळ उरत नाही. वस्तुतः इतिहासाच्या पाठास याहून जवळचे स्थळ या दोन्ही जिल्ह्यांत क्वचितच सापडेल.

या समाध्यांत विशेष पाहण्याजोगी आहे ती वीरशहाची. अठराव्या शतकाच्या आरंभी वीरशहाची हत्या झाली. त्यास पुत्र नव्हता. राणी हिराईने रामशहास दत्तक घेतले, राज्याची धुरा सांभाळली आणि पतीची ही समाधी बांधविली. शहाजहानने मुमताजसाठी ताजमहाल बांधल्याचे लहान मूलही सांगते. येथे राणीने राजासाठी उभारलेले स्मारक आहे, आणि तेही आपल्या जिल्ह्याच्या गावी! पुढे १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चंद्रपूर घेतले व गोंड राज्य संपले.

शेजारच्या अंचलेश्वर मंदिराची कथा मुलांस अवश्य सांगावी. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरील खांडके झरपटीच्या पाण्याने बरी झाली, असे परंपरा सांगते. परंतु ही आख्यायिका होय, एवढे स्पष्ट करावे. लोक काय सांगतात आणि दगड काय दाखवितो, हा भेद मुलांस एकदा कळला की इतिहासाचे अर्धे काम झाले.

भामरागड, एटापल्लीकडील शिक्षकांस येथे एक मोठी संधी आहे. माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करण्याची प्रथा आहे. राजाची समाधी पाहताना त्या मुलांस आपल्या गावचे दगड आठवतील. त्यांस बोलते करावे. कोणी हसू लागल्यास तेथेच थांबवावे. पुस्तकातील राजे नेहमी परक्या मुलखातले असतात, असे वाटणाऱ्या मुलास हे राजे गोंड होते, हे कळणे लहान गोष्ट नव्हे.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा ‘अजब बंगला’, १८६३ मध्ये स्थापन झाले. तेथे शिल्पे, शिलालेख व नाणी आहेत, आदिवासी जीवनाचे दालनही आहे. मात्र दालनामागून दालन धावत पाहण्यात लाभ नाही. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडावी, तिचे चित्र काढावे आणि ती कोठून आणली हे पाटीवरून उतरून घ्यावे. समाधी आपल्या जागी उभी आहे, संग्रहालयातील मूर्ती मूळ जागेपासून दूर आली आहे. हा फरक मुलांकडूनच काढवून घ्यावा.

समाध्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. भिंतींवर नावे कोरणे हा गुन्हा आहे, हे निघण्यापूर्वीच सांगावे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर असल्याने दोन्ही स्थळे एका दिवसात उरकू नयेत. संग्रहालयाच्या सुटीचा वार आधी विचारून घ्यावा.