पिसं फुगवलेला पक्षी काय सांगतो?

दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे इवलेसे हिरवे-निळे पक्षी मिळतात, ते बहुतेक वेळा बजरिगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियातले. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. म्हणजे गैरसमज नावापासूनच सुरू होतो. पुढे त्यांच्या हालचालींचेही आपण माणसासारखे अर्थ लावतो, आणि त्याची किंमत जेमतेम ३०-४० ग्रॅमच्या त्या जिवाला मोजावी लागते.

गैरसमज : पिसं फुगवून बसलाय, म्हणजे झोप आलीय.

वस्तुस्थिती : क्षणभर पिसं फुलवून अंग झटकणारा पक्षी निवांत असतो. झोपताना पिसं सैल होतात, एक पाय पोटाशी जातो, तेही ठीक. पण भरदिवसा तासन्‌तास फुगून, मलूल बसून राहिला तर तो आजारी असण्याची दाट शक्यता आहे. रानात दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पक्षी दुखणं होईल तितकं लपवतात. अशा वेळी शेपटीकडे बघा. बसल्या जागी श्वासागणिक ती वरखाली होत असेल तर त्याला धाप लागली आहे. उद्यावर न टाकता पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

गैरसमज : कॉकाटील या तुरेवाल्या पाळीव पक्ष्याचा तुरा उभा, म्हणजे स्वारी खूश.

वस्तुस्थिती : ताठ तुरा म्हणजे तो सावध झालाय किंवा दचकलाय. कुकरची शिट्टी झाली की तुरा ताडकन उभा राहतो, आणि धोका नाही असं कळलं की हळूहळू कलतो. अर्धवट कललेला तुरा स्वस्थपणाचा. तुरा डोक्याला चपटा चिकटवून, चोच उघडून तो फुत्कारला तर हात मागे घ्या. तो घाबरलाय.

गैरसमज : चोच करकर वाजवतोय, म्हणजे चिडलाय.

वस्तुस्थिती : झोपेआधी चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासल्याचा हा बारीक आवाज समाधानाचा.

गैरसमज : खाल्लेलं बाहेर काढतोय, म्हणजे अपचन.

वस्तुस्थिती : मान वरखाली करत दाणे वर आणणं हे जोडीदाराला भरवणं असतं. एकटा बजरिगर आरशातल्या पक्ष्यालाही असाच भरवतो. असं वारंवार होत असेल तर आरसा काढून टाका. मान जोरजोरात झटकली, तोंडाभोवतीची पिसं चिकट झाली, तर मात्र ती ओकारी.

गैरसमज : पाठीवरून हात फिरवला की त्याला माया कळते.

वस्तुस्थिती : पाठीवरचा स्पर्श पक्ष्याला जोडीदाराचा वाटतो आणि त्याची विणीची वृत्ती चाळवते. लाड करायचेच तर डोकं आणि मान खाजवा, तेही त्याने मान वाकवून पुढे केली तरच.

एकाच हालचालीवरून निदान करू नका. ती किती वेळ टिकली आणि तेव्हा डोळे, शेपटी, भूक कशी होती, हे एकत्र बघा. त्यासाठी रोज पाच मिनिटं पिंजऱ्याजवळ नुसतं बसा. तो बरा असताना कसा बसतो हे ठाऊक असेल, तरच बिनसलेला दिवस तुमच्या लक्षात येईल.